पाण्याकडची बाजू

तलावात किती पाणी उरलं आहे हे गोमाजी कापगते पायाने सांगतो. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, आतल्या अंगाला पाण्यात उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला एक भोक आणि प्रत्येक भोकात लाकडी दट्ट्या ठोकलेला. दट्ट्या उपसला की पाणी भोकात शिरतं, पाळीच्या पोटातून पलीकडे निघतं आणि पाटाने धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, जातं. या सगळ्या बांधणीला गावात तुडुम म्हणतात. कोणता दट्ट्या केव्हा काढायचा, कोणाच्या बांधीत पाणी किती वेळ राहू द्यायचं, हे ज्याच्या हाती असतं तो पाणकर. गोमाजीचा बाप पाणकर होता, बापाचा बापही. दिघोरीच्या पलीकडे, जंगलाला टेकलेल्या त्या खेड्यात पाणकराला कोणी मोठा मानत नाही. पण त्याचा शब्दही कोणी मोडत नाही. एकसष्टाव्या वर्षी गोमाजी अजून श्वास कोंडून चार पायऱ्या खाली जातो, चाचपडतो आणि वर येतो. वर येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही नसतं. पाण्याखाली जाऊन आलेल्या माणसाचा चेहरा थोडा वेळ कोणाचाच नसतो.

पाणकराचं आणखी एक काम असतं. पाणी तिसऱ्या पायरीखाली गेलं की पाळीवर पळसाची डहाळी खोचायची. तिचा अर्थ गावातलं शेंबडं पोरही सांगतं: आता वरून उडी मारू नका, खाली दगड आहे.

पाळ रुंद नाही. एक ट्रॅक्टर जेमतेम जाईल एवढीच. एका बाजूला पाणी. दुसऱ्या बाजूला दोन पुरुष खोल उभा उतार आणि तळाला बाभळीची खुंटं. याच पाळीवर गोमाजीने आपल्या एकुलत्या एका मुलीला, रुचिकाला, सायकल शिकवली. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. सायकल गोमाजीची, दांडीची. दांडीखालून पाय घालून ती कैची चालवायची आणि गोमाजी मागून पळायचा.

"समोरून ट्रॅक्टर आला आन् जागा नसली, तं पाण्याकडं घाल," तो सांगायचा. "बांधीकडं नोको. तिकडं पडशीन तं हाडं गोळा करावं लागतीन. पाण्यात पडला माणूस निघते."

"आन् नाई निघाला तं?"

"मी आहो ना काठावर."

एका दुपारी खरोखरच ट्रॅक्टर आला. रुचिकाने हँडल वळवलं आणि सायकलसकट ती तलावात गेली. गोमाजीने तिला वेणीला धरून बाहेर काढलं. धुणं धुणाऱ्या बाया पोट धरून हसल्या. "गोमाजी, पोरगी पोसून राहिला का मासोळी?" असं आनंदाबाई म्हणाली, आणि पुढे कितीतरी वर्षं रुचिकाला गावात मासोळीच म्हणत. नाकातोंडातून पाणी गळत असताना ती पोरगी बापाला म्हणाली होती, "बाबा, मले भेवच नाई वाटलं."

या गोष्टीचा गोमाजीला फार अभिमान होता. सोयऱ्याधायऱ्यांत बसला की तो ती सांगायचा. आता सांगत नाही.

रुचिका भंडाऱ्याला नर्स झाली, नागपूरला चार वर्षं नोकरी केली, तिथेच जर्मन भाषा शिकली आणि दोन वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका लहान शहरात, इस्पितळात कामाला गेली. सोबत तिच्याच वर्गातली आंधळगावची रीना होती. निघाली त्या दिवशी तिला पोचवायला गोमाजी आणि त्याची बायको सुलोचनाबाई नागपूरपर्यंत गेली. कारध्याच्या पुलावर गाडी आली तेव्हा सुलोचनाबाईने खिडकीतून वैनगंगेला हात जोडले आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तिकडं पाणी कसं असन, कोण जाणे."

"आई, तिकडं नळाचंच पाणी पेतेत," रुचिका म्हणाली.

पण नळापलीकडेही पाणी होतं. तिच्या खोलीपासून इस्पितळापर्यंत एक कालवा होता. त्याच्या काठाने सायकलचा रस्ता. पहिल्याच आठवड्यात तिने फोनवर तो दाखवला होता: सरळ, मुकाट पाणी, बाजूने काळा गुळगुळीत रस्ता. "पाह्य बाबा, आपली पाळ!" गोमाजीने फोन डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "तिथचा पाणकर कोण आहे?" यावर रीना आणि रुचिका दोघी हसत सुटल्या होत्या.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी बैल ओढत दारोदार फिरत होती. सुलोचनाबाई एकेकाच्या ओंजळीत चिवडा घालत होती. तेवढ्यात रीनाचा फोन आला. सुलोचनाबाईने तो गोमाजीकडे दिला, कारण तिचे हात तेलकट होते.

रीना नीट बोलत होती. नर्सच ती; वाईट बातमी कशी सांगायची हे शिकलेली. सकाळी ड्यूटीवर जाताना अपघात झाला. समोरून सामानाची गाडी त्या रस्त्यावर शिरली. रुचिकाने सायकल वळवली आणि ती कालव्यात पडली. जीव वाचला आहे. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन सुरू आहे.

"बुडाली का?" गोमाजीने विचारलं.

"नाई काका. पाणीच नव्हतं. भिंतीची मरम्मत चालू आहे, म्हणून चार दिवसांपासून पाणी सोडून देल्लं होतं. खाली दगडं होते."

"पाटी नव्हती लावली?"

"लावली होती ना. लाल पट्टी पण बांधली होती. पण वाचाले वेळ कुठं भेटते, काका?"

गोमाजीने विचारलं, "दुसऱ्या बाजूले काय होतं?"

"कोणत्या?"

"पाण्याकडं नाई, दुसरीकडं."

"तिकडं काय, गवत. मोकळं मैदान आहे."

बाहेर पोरं ओरडत होती. सुलोचनाबाई चिवड्याचं ताट घेऊन तशीच उभी होती. गोमाजीने तिला अपघात झाल्याचं सांगितलं, मणक्याचं सांगितलं, ऑपरेशनचं सांगितलं. गवताचं सांगितलं नाही. ते त्याने कोणालाच सांगितलं नाही. गवत त्याच्या आत राहिलं आणि दिवसेंदिवस वाढत गेलं.

दोघांपैकी एकाकडेही पासपोर्ट नव्हता. पासपोर्ट निघेपर्यंत रुचिका शुद्धीवर आली होती आणि फोनवर म्हणाली होती, "येऊ नोका. इथं येऊन काय करसान? मीच येतो सहा महिन्यांनी." मग रोज दुपारी तीन वाजता फोन यायचा. तिकडे सकाळ असायची. स्क्रीनवर तिचा चेहरा, उशी आणि खिडकीचा एक तुकडा दिसे. सुलोचनाबाई बोलत सुटायची. भात देतेत का? केस कोण विंचरून देते? ती बाजूची म्हातारी मेली का आहे अजून? रुचिका हसून उत्तरं द्यायची. शेवटी फोन गोमाजीकडे यायचा.

"बरी आहेस का?"

"बरी आहो, बाबा."

"बरं."

एवढंच. त्याला एकच विचारायचं होतं आणि तेच त्याच्या तोंडातून निघत नव्हतं. गाडी समोर आली तेव्हा तुला माझी गोष्ट आठवली का? हात तुझा होता, पण हँडल मी वळवलं का? तिने नाही म्हटलं तर तो विश्वास ठेवू शकणार नव्हता. हो म्हटलं तर कुठे ठेवायचं ते?

कमरेखालची जाण परत आलेली नाही, असं रीनाने दुसऱ्या आठवड्यात सांगितलं. त्यानंतर घरात चालणं हा शब्द कोणी उच्चारला नाही. पाहुणे आले की म्हणत, "ठीक होईन, जर्मनीचे डॉक्टर आहेत." सुलोचनाबाई म्हणायची, "हाव ना." गोमाजी उठून पाळीवर जायचा.

पाळीवर तो त्या दुसऱ्या, जर्मनीतल्या पाणकराचा विचार करायचा. असेलच कोणी तरी. नोकरीला असेल, गणवेश असेल, चक्र फिरवून पाणी सोडत असेल. सोडल्यावर त्याने पाटी लावली, पट्टी बांधली, आपलं काम चोख केलं. त्याच्यावर राग धरावा असं गोमाजीला वाटे; पण राग धरायला माणूस ओळखीचा लागतो. ओळखीचा माणूस एकच होता आणि तो खाली पाण्यात हलत असलेला दिसे.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तो पाळीवरून परतला तेव्हा दारात ठोक्यांचा आवाज येत होता. राजकुमार मिस्त्री छिन्नी लावून उंबरठा फोडत होता. ज्या उंबरठ्याला सुलोचनाबाई तीस वर्षं रोज हळदकुंकू लावत आली, त्याचे तुकडे अंगणात पडले होते. ती घमेल्यात ते भरत होती.

"अवं, काय करून राहिली?"

"दिसत नाई का? उंबरठा काढून राहिली."

"कोणाले विचारलं?"

"कोणाले विचारू? तुमाले? तुमी तं पोळ्यापासून मुके झाले."

"लक्ष्मी येते तिथून. अशुभ असते ते."

राजकुमारने छिन्नी खाली ठेवली. "काकी, मी उद्या येऊ का?"

"तू हान," सुलोचनाबाई म्हणाली. मग नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, "माझी लक्ष्मी चाकाच्या खुर्चीवर येऊन राहिली आहे. तिचं चाक अडते तिथं."

त्या घरात ते पहिल्यांदा बोललं गेलं. राजकुमारही हातोडा धरून तसाच बसून राहिला. मग सुलोचनाबाईने घमेलं डोक्यावर घेतलं आणि उकिरड्याकडे नेलं. परत आली, तेव्हा राजकुमारला अंगणापर्यंतच्या उताराचं माप सांगू लागली. किती लांब हवा, किती चढ हवा, तिला सगळं ठाऊक होतं. रीनाला विचारून तिने कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून घेतलं होतं. गोमाजीला कळलं की ती दीड महिना चिवड्याच्या ताटापाशी उभी नव्हती. ती केव्हाच पुढे निघून गेली होती. उभा तोच होता.

इकडे पाऊस थांबून वीस दिवस झाले होते. धान पोटरीत, लोंबी बाहेर पडायच्या बेताला, आलं होतं आणि बांध्यांना भेगा पडू लागल्या होत्या. या वेळचं पाणी चुकलं की लोंबी पोचट निघते. तलाव मात्र काठोकाठ होता. पुंडलिकराव, पाणीवाटप संस्थेचा अध्यक्ष, दोनदा येऊन गेला होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा खाटेवर बसला नाही.

"गोमाजी, पाणी केव्हा सोडतेस?"

"कवडूले सांगा."

कवडू हा गोमाजीचा पुतण्या, चाळिशीला आलेला, अंगाने दणकट.

"कवडू काल उतरला होता. हात सोलून आला."

"दट्ट्या नाई तो काका, जावई आहे," मागे उभा असलेला कवडू म्हणाला. "धरून ओढा, नाई तं शिव्या द्या, हालतच नाई."

"चुकीच्या पायरीचा धरला असशीन," गोमाजी म्हणाला.

"तं बरोबरचा तू दाखव ना!" पुंडलिकरावचा आवाज चढला. "मी अध्यक्ष आहो, पण पाणी काही माझं आयकत नाई गा. तुझ्या घरी दुःख आहे, गावाले समजते. पण धान तुझ्या पोरीसाठी थांबत नाई." बोलून झाल्यावर त्याला स्वतःचंच वाईट वाटलं. त्याने टोपी काढून पुन्हा घातली. "सुतक तं नाई ना आपल्या घरी. मंग तुझा हात काहून अडला?"

"माझा हात चांगला नाई, भाऊ."

"डॉक्टरले दाखव मंग."

पुंडलिकराव गोमाजीच्या हाताकडे पाहत राहिला. हाताला काहीच झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता फोन आला तेव्हा सुलोचनाबाईने तो आधीच नवऱ्याच्या हातात दिला. "आज तुमी बोला. घेऊन जा तिकडं पाळीवर. तिले तलाव पाहाचा आहे म्हणून राहिली होती."

गोमाजी फोन छातीशी धरून पाळीवर गेला. तुडुमाच्या वरच्या दगडावर बसला. फोन सरळ धरला तेव्हा रुचिका खुर्चीत बसलेली दिसली, पहिल्यांदाच. तिचे केस कोणी तरी बारीक कापले होते.

"वेणी कुठं गेली?"

"कापली. धुवाले जमत नाई." ती त्याच्या खांद्याच्या मागे पाहत होती. "बाप रे, केवढं पाणी. बाबा, अजून सोडलं नाई? पोटरी आली असन ना?"

"आली."

"मंग कायले थांबला?"

बाहेरच्या बाजूने, बांध्यांतून, वाळक्या मातीचा वास येत होता. गोमाजीने फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"रुचिका, त्या दिवशी दुसऱ्या बाजूले गवत होतं म्हणते रीना."

तिच्या मागून एक नर्स ट्रॉली घेऊन गेली.

"होतं," ती म्हणाली.

"तू पाण्याकडं काहून वळवली?"

"बाबा, कायले विचारून राहिला?"

"मले खरं सांग. ऑपरेशनच्या वेळी तू लोकाईले सांगतेस तसं. खरं."

"खरं सांगू?" तिने खुर्चीच्या हातावर हात ठेवले. "विचार करून नाई वळवली. गाडी दिसली आन् हात आपोआप गेला. तू मागून पळून राहिला असं वाटलं. पाण्याकडं घाल, असं आयकू आलं."

गोमाजीने मान हलवली. हे त्याला तान्ह्या पोळ्यापासून ठाऊक होतं. तरी ऐकताना ते नवीन होतं.

"आन् एक सांगतो," ती म्हणाली. "मी पडून राहिली होती ना, हवेत, तेवढ्या वेळात मले भेव नाई वाटलं. मले वाटलं खाली पाणी आहे."

वाऱ्याने पाण्यावर सुरकुती आली आणि गेली. बाप आणि मुलगी एकमेकांकडे पाहत नव्हती. तो तिच्या कापलेल्या केसांकडे पाहत होता, ती त्याच्यामागच्या पाण्याकडे. तिने माफ केलं असं म्हटलं नाही. त्यानेही मागितली नाही. मागण्यासारखं ते उरलंच नव्हतं. एक उंची होती आणि तिच्या तळाला दगड होते.

"बाबा."

"हं."

"पाणी सोड. मले पाहू दे."

कवडू बांधीच्या कडेला, धुऱ्यावर बसला होता. गोमाजीने त्याला हाक मारून वर बोलावलं आणि फोन त्याच्या हातात दिला. पाणी सोडण्याआधी पाळीवरच्या देवाच्या दगडाला नारळ फोडतात. नारळ आणला नव्हता. गोमाजीने ओंजळभर पाणी दगडावर घातलं, सदरा काढला आणि पायऱ्यांवरून उतरला. गुडघे, कंबर, छाती. मग डोकं गेलं.

"कवडूदादा, किती वेळ झाला?" फोनमधून रुचिकाने विचारलं.

"आत्ताच तं गेला."

"नाई, बहुत वेळ झाला."

"तुझा बाप मासोळीचा बाप आहे, बाई. येते."

पाण्याखाली गोमाजीने चौथ्या पायरीचा दट्ट्या दोन्ही हातांनी धरला. पाणी त्याच्या कानांत दाटलं. पाण्याचा हा भार त्याच्या आयुष्यभराच्या ओळखीचा होता आणि त्याच भरवशावर त्याने एका पोरीला सांगितलं होतं की पडलीस तर इकडे पड. इथलं पाणी त्याचं होतं. जगातलं बाकीचं नव्हतं. एवढं सांगायचं तेव्हा राहून गेलं होतं. त्याने दट्ट्या डावीकडे पिळला, उजवीकडे पिळला आणि ओढला.

तो वर आला तेव्हा पाळीच्या पलीकडे पाटात पाणी आपटल्याचा आवाज झाला. धुऱ्यावरून कोणी तरी ओरडलं. कवडूने फोन पाटाकडे धरला. गढूळ, फेसाळ पाणी वाळकी पानं पुढे ढकलत बांध्यांकडे निघालं होतं.

गोमाजीने अंग पुसलं नाही. कवडूच्या कमरेचा विळा घेऊन ओल्या धोतराने तो पाळीच्या टोकाच्या पळसाकडे गेला, एक डहाळी छाटली आणि पाण्याकडच्या काठावर खोचली. मग दुसरी छाटली. दहा पावलांवर ती खोचली. मग तिसरी.

"काका," कवडू ओरडला, "अजून तं तलाव भरून आहे! आन् एक पुरते ना!"

गोमाजीने मागे पाहिलं नाही. डहाळ्यांचा भारा काखेत घेऊन तो पाळीवरून पुढे पुढे जात होता, वाकत होता, खोचत होता. धुणं आवरून निघालेल्या दोन बाया थांबून पाहू लागल्या. यावेळी कोणी हसलं नाही.

"दादा, बाबा काय करून राहिला?" रुचिकाने विचारलं.

"डहाळ्या खोचून राहिला."

"किती?"

"मोजल्या नाई मी. सगळ्या पाळीवर खोचते वाटते."

तिच्याकडे कोणी तरी तिला व्यायामासाठी न्यायला आलं होतं. तिने जर्मनमध्ये काही म्हटलं, बहुतेक थांबा असं.

"त्याच्या मांगं मांगं चाल," मग ती कवडूला म्हणाली. "फोन सरळ धर. मले दिसू दे."

कवडू फोन समोर धरून गोमाजीच्या मागे चालू लागला. पाळ लांब होती. गोमाजी दर दहा पावलांवर थांबत होता, आणि तो थांबला की कवडूही थांबत होता.